मार्च महिन्यातला डोंगर

घाटरस्त्याचं रुंदीकरण असो, पुनर्वसनाचं नवं गावठाण असो की डोंगर तासून उभं राहणारं रिसॉर्ट असो, फाइलला हल्ली एक अहवाल जोडलेला असतो. डोंगराचा उभा छेद, त्यातून गेलेली कमानीसारखी घसरणरेषा, वर लाल-पिवळे-हिरवे पट्टे आणि कोपऱ्यात एक आकडा: 1.52. आकडा दीडच्या वर आहे ना, मग फाइल पुढच्या टेबलावर जाते. तो आकडा कुठून आला, त्यात काय काय घातलं होतं, हे त्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर फाइल पुढे सरकवणाऱ्यालाही ते विचारावंसं वाटत नाही.

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत, म्हणजे पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई या पट्ट्यात, हा विषय आता केवळ इंजिनिअरांचा राहिलेला नाही. जुलै 2021 च्या त्या पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. महाबळेश्वरला तेव्हा चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, आणि घाटाखाली महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. त्याआधी 2014 साली माळीण, नंतर 2023 साली इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी नंतरची चर्चा एकाच वळणाने जाते: उपग्रह, ड्रोन, एआय, नवं सॉफ्टवेअर, नवा नकाशा.

मला ही चर्चाच उलटी वाटते. डोंगरउताराचं गणित करण्याच्या पद्धती आपल्याकडे पुरेशा आहेत, त्यातल्या बऱ्याचशा फुकट मिळतात. तुटवडा आहे तो त्या गणितात घालायच्या मोजमापांचा. म्हणून सरकारी पैसा सॉफ्टवेअरच्या परवान्याआधी डोंगरावरच्या मोजमापांकडे गेला पाहिजे. आणि ती मोजमापं, त्यावरून निघालेला आकडा आणि त्या आकड्याचा कच्चेपणा, हे सगळं वाडीतल्या माणसाला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचता आलं पाहिजे.

आकड्याचा अर्थ अवघड नाही. तराजूच्या एका पारड्यात मातीला खाली ओढणारं बल, दुसऱ्यात तिला धरून ठेवणारी ताकद. धरणाऱ्या ताकदीला ओढणाऱ्या बलाने भागलं की फॅक्टर ऑफ सेफ्टी मिळतो; आपण त्याला सुरक्षा गुणांक म्हणू. एकच्या वर असेल तर डोंगर उभा, एकच्या खाली गेला की डोंगर खाली. धरणारी ताकद दोन ठिकाणांहून येते: कणाकणांमधलं घर्षण आणि मातीचा अंगचा चिकटपणा. घर्षण किती मिळणार हे कण एकमेकांवर किती दाबले गेलेत यावर ठरतं, आणि पाणी शिरलं की नेमका तोच दाब कमी होतो. पावसानं माती जड होते म्हणून दरड येते असा सर्रास समज आहे. वजन वाढतं हे खरं, पण घात होतो तो कणांच्या फटींतलं पाणी कणांना एकमेकांपासून उचलून धरतं म्हणून. मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल टर्झागी यांनी हे तत्त्व मांडलं त्याला शंभर वर्षं होत आली.

हे गणित वाढलं कुठं, तेही पाहण्यासारखं आहे. 1916 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदरात धक्क्याचा एक भाग पाण्यात घसरला. तपास करणाऱ्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं की माती साधारण वर्तुळाच्या कमानीवरून सरकली आहे. मग त्या कमानीवरच्या मातीचे उभे काप पाडायचे, प्रत्येक कापाचं ओढणं आणि धरणं वेगळं काढायचं आणि शेवटी बेरीज करायची, अशी रीत पडली. स्वीडनच्या सरकारी रेल्वेने 1914 मध्येच एक भू-तांत्रिक आयोग नेमला होता, वोल्मार फेलेनियस त्याचे अध्यक्ष. आयोगाचं काम चालू असतानाच, ऑक्टोबर 1918 मध्ये, गेटो इथं रुळांखालचा भराव खचला आणि गाडी कोसळून चाळीसहून जास्त माणसं गेली. 1922 साली आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. कापांची ती साधी पद्धत आजही फेलेनियस यांच्या नावानं शिकवली जाते. सरकारी रेल्वेच्या मार्गांवर माती घसरत होती, सरकारनं माणसं नेमली आणि त्यांना जे सापडलं ते छापून सगळ्यांसमोर ठेवलं, अशा वातावरणात ही विद्या वाढली. आपण तीच विद्या गोपनीय फाइलीत बंद केली आहे.

पुढची प्रगती थोडक्यात सांगतो, कारण मला तिच्यात फार रमायचं नाही. फेलेनियस यांनी शेजारशेजारच्या कापांचा एकमेकांवरचा दाब सोडून दिला होता. ॲलन बिशप यांनी 1955 मध्ये तो अंशतः हिशेबात घेतला. त्यांच्या सूत्रात गुणांक बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना येतो, म्हणून अंदाजानं सुरुवात करून पुन्हा पुन्हा आकडेमोड करावी लागते. मॉर्गनस्टर्न आणि प्राइस यांनी 1965 मध्ये, स्पेन्सर यांनी 1967 मध्ये आणखी काटेकोर रीती दिल्या. 1958 मध्येच लिटल आणि प्राइस यांनी हे काम इलेक्ट्रॉनिक संगणकावर करून दाखवलं होतं. नंतर फायनाइट एलिमेंट आलं, म्हणजे उताराचे छोटे छोटे तुकडे पाडून संगणकानं हिशेब करायची रीत. त्यात घसरणरेषा आधी गृहीत धरावी लागत नाही. संगणकातली माती पायरीपायरीनं कमकुवत करत जायची आणि ज्या पायरीला उतार उभा राहीना तिथं थांबायचं. 1975 च्या सुमारास झिएंकिविच आणि सहकाऱ्यांनी ही वाट दाखवली आणि 1999 च्या ग्रिफिथ्स आणि लेन यांच्या लेखानंतर ती चांगलीच रुळली. आज हे सगळं लॅपटॉपवर मिनिटांत होतं.

या पद्धतींच्या उत्तरांत फरक किती पडतो? माती आणि पाणी तेच ठेवलं तर बिशप, स्पेन्सर, मॉर्गनस्टर्न-प्राइस यांची उत्तरं वर्तुळाकार घसरणीसाठी साधारण पाच टक्क्यांच्या आत येतात. फेलेनियसची जुनी रीत पाण्याचा दाब जास्त असताना बरंच कमी उत्तर देते, पण ती चूक निदान सावधपणाच्या बाजूची असते. निविदेत कुठलं सॉफ्टवेअर मागायचं यावर आपल्याकडे जेवढा खल होतो तो या पाच टक्क्यांसाठी असतो. आता माती आणि पाणी बदललं की काय होतं ते पाहा.

पाटणच्या डोंगरांत नेहमी दिसणारी रचना घ्या. खाली कातळ, वर तीन मीटर जाडीचा माती-मुरूम-धोंड्यांचा थर, उतार 30 अंश. असा लांबलचक, एकसारखा उतार असेल तर गणित एका ओळीचं आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. माती घनमीटरला 19 किलोन्यूटन, घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचं माप) 32 अंश, चिकटपणा 5 किलोपास्कल. (हे आकडे उदाहरणापुरते, कुठल्या वाडीचे नाहीत.) थरात पाणी साचलेलं नसताना गुणांक येतो 1.28. थर तळापासून वरपर्यंत भरला आणि पाणी उताराच्या दिशेनं झिरपू लागलं तर 0.73. बरोबर एकवर कधी येतो? थर निम्मा भरला की. आता चिकटपणा 5 ऐवजी 10 धरा, बाकी काही बदलू नका. पाण्याविना 1.49, पूर्ण भरल्यावर 0.93, आणि एकवर यायला थर 87 टक्के भरावा लागतो. म्हणजे पहिला उतार निम्म्या पाण्यात जाईल आणि दुसरा त्याच पावसात कदाचित रात्र काढेल.

5 आणि 10 किलोपास्कलमधला हा फरक एकाच उतारावर, हाकेच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत सापडू शकतो. झाडांची मुळं, जुन्या घसरणीची बुजलेली भेग, जांभ्याखालची पांढरट चिकणमाती, कातळाच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा, यातलं काहीही आकडा दुप्पट किंवा निम्मा करू शकतं. पद्धत बदलून उत्तर पाच टक्के हलतं आणि मातीचा एक नमुना बदलला की डोंगर उभ्याचा आडवा होतो. असं असताना पैसा कुठं खर्चावा, यावर खरं तर वाद व्हायला नको.

मागे एका घाटातल्या कटिंगचा अहवाल माझ्या पाहण्यात आला. कुठल्या घाटाचा ते जाऊ द्या, कारण असे अहवाल बरेच आहेत. जाड, रंगीत, बांधणी सुरेख. मातीचे नमुने दोन खड्ड्यांतले, दोन्ही खड्डे रस्त्याच्या कडेला, जिथं जीप पोचते तिथं. वर डोंगराच्या खांद्यावर, जिथून घसरण सुरू व्हायची, तिथं कुणी चढलेलं नव्हतं. भूजलपातळीच्या रकान्यात लिहिलं होतं: आढळली नाही. बोअर मारलं होतं मार्चमध्ये. मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारावर पाणी आढळलं नाही यात खोटं काही नाही. डोक्यावर हंडा घेऊन दोन ओढे उतरणाऱ्या बाईला ते बोअर न मारताही ठाऊक असतं. मग त्या कोरड्या डोंगराचा छेद सॉफ्टवेअरमध्ये घातला गेला आणि गुणांक दीडच्या वर आला. गणितात एकही चूक नव्हती. ते फक्त मार्चच्या डोंगराचं गणित होतं, आणि कोसळतो तो जुलैचा.

दीड या आकड्याचाही आपल्याकडे भलता दरारा आहे. अमेरिकेतले अभियंते मायकेल डंकन यांनी 2000 साली दाखवून दिलं की गुणांकाच्या शेजारी त्याची अनिश्चितता लिहिली नाही तर तो आकडा अर्धाच बोलतो. हिशेब करून पाहा. एका उताराचा गुणांक 1.5 आहे, पण मोजमापं तुटपुंजी असल्यामुळे त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे खरा आकडा त्याच्या आजूबाजूला किती पसरू शकतो त्याचं माप, 30 टक्के आहे. आकडे नेहमीच्या घंटाकृती वितरणाप्रमाणे पसरलेत असं धरलं, तर गुणांक प्रत्यक्षात एकच्या खाली असण्याची शक्यता शंभरात तेरा निघते. दुसऱ्या उताराचा गुणांक 1.2 च आहे, पण तिथं नीट खोदून, पावसाळाभर पाणी मोजून विचलन 5 टक्क्यांवर आणलंय. तिथं शक्यता दहा हजारांत चार. आपला नियम पहिल्याला पास करतो आणि दुसऱ्याला नापास. पहिल्या डोंगराखाली घर बांधायला मी तरी जाणार नाही.

याच जिल्ह्यात याच गणिताला कडक शिस्तही आहे, हे विशेष. धोम, कण्हेर अशा धरणांच्या मातीच्या बांधांचे उतार तपासायला 1975 पासून भारतीय मानक आहे. बांधकाम संपताना काय, जलाशय भरून पाणी मुरत असताना काय, पाणी अचानक उतरलं तर काय, अशा वेगवेगळ्या अवस्थांचं वेगवेगळं गणित त्यात मागितलेलं आहे. मोठ्या बांधाच्या पोटात पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या, पिझोमीटर, बसवतात आणि त्यांच्या नोंदी ठेवतात. माणसानं रचलेल्या मातीच्या ढिगाला आपण ही वागणूक देतो. शेजारच्या डोंगरावर निसर्गानं रचलेला ढीग, ज्याखाली वाडी आहे, त्याच्या वाट्याला जूनमधली एक नोटीस येते.

अचानक उतरणाऱ्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगलीकरांनीही ऐकावं. 2005, 2019, 2021 च्या महापुरात कृष्णेचं पाणी कुठवर चढलं याच्या खुणा घरोघरी आहेत. पण काठ ढासळतो तो बहुधा पूर ओसरताना. पात्रातलं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. ते झपाट्यानं उतरतं, टेकू जातो, आणि काठाच्या काळ्या मातीच्या पोटातलं पाणी मात्र तितक्या वेगानं बाहेर पडू शकत नाही. पूर गेला म्हणून लोक निर्धास्त होतात त्याच दिवसांत मळीची जमीन, विहीर, घाटाच्या पायऱ्या नदीत जातात. नदीकाठच्या सपाट मुलखातही हे गणित लागतं ते असं.

नकाशांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2014 नंतर देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करायला घेतले, देशाचा साडेबारा टक्क्यांच्या आसपासचा भूभाग त्यात येतो. काम मोठं आहे आणि नकाशे लोकांना पाहता येतात. पण त्यांची मोजपट्टी 1:50,000, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. शंभर मीटरची वाडी तिथं दोन मिलिमीटरची होते. हा नकाशा कुठं शोधायचं ते सांगतो. अमुक घरामागचा उतार किती पाण्यात सुटेल, हे सांगणं त्याचं कामच नाही. तरीही आपल्या बैठकांत लाल रंगात गाव आलं की सर्व्हे झाला असं धरलं जातं, आणि पिवळ्यात आलं की सुटका झाली असं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: मातीचं गणित करत बसण्यापेक्षा पावसाचा एक उंबरठा ठरवा, तेवढा पाऊस झाला की माणसं हलवा. स्वस्त आहे, लवकर होतं. नेल्सन केन यांनी 1980 मध्ये जगभरच्या दरडींच्या नोंदींवरून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचा असा उंबरठा मांडला, तेव्हापासून अनेक देशांत ही वाट वापरात आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही 2024 मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं. दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी तिथून इशारे दिले जाऊ लागले. सह्याद्रीलाही असे इशारे मिळावेत, याला माझा काडीचा विरोध नाही.

पण उंबरठा केव्हा ते सांगतो, कुठं ते सांगत नाही. जुलै 2021 चा पाऊस पाटण तालुक्यातल्या जवळपास सगळ्या डोंगरांवर पडला आणि त्यातले मोजकेच सुटले. शिवाय पाऊस मोजायचा तरी कुठला? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वीस किलोमीटरच्या आतल्या पाचगणीला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. राज्यातली स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक या हिशेबानं, मुख्यतः शेतीसाठी बसवलेली आहेत. डोंगराच्या कुशीतल्या वाडीला खालच्या बाजारपेठेतल्या केंद्राचा आकडा लावला तर इशारा खोटा ठरण्याची सोय आपणच करून ठेवतो. आणि खोट्या इशाऱ्याची किंमत मोठी असते. ऐन लावणीच्या दिवसांत, चिखलात अर्धं खाचर लावून झालेलं असताना, गुरं कुणाच्या तरी भरवशावर सोडून शाळेच्या खोलीत जाऊन राहायचं; तीन वेळा गेलं आणि काही झालं नाही की चौथ्या वेळी घरातली म्हातारी माणसं उठत नाहीत. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा तसा काढून पाहावा. सगळा तालुका हलवण्यापेक्षा ज्या उतारावर गणित उलटं निघतंय तो हलवायचा असेल, तर उताराचं गणित करण्यावाचून गत्यंतर नाही.

वरच्या उदाहरणातला खरा उपयोगी आकडा 1.28 नव्हेच. उपयोगी आहे ते ‘थर निम्मा भरला की’ हे वाक्य. कारण ते मोजता येतं. उतारावर दोन-तीन ठिकाणी कातळापर्यंत बोअर मारून त्यात जाळीची नळी सोडली, तर नळीतलं पाणी किती चढलंय ते दिसतं. गुणांकाचं भाषांतर पाण्याच्या पातळीत करा आणि नळीवर तांबडी खूण करा. ज्या उतारांची माती नीट मोजलेली नाही त्यांची खूण आणखी खाली. रात्री दोन वाजता पावसात बॅटरी घेऊन नळी कोण पाहणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून दाब आपोआप नोंदवणारं उपकरण आणि भोंगा हवा. ही काही परग्रहावरची वस्तू नाही, धरणांवर ती वर्षानुवर्षं आहे. अर्थात सगळ्या दरडी अशा पकडता येणार नाहीत. अरुंद घळीतून धोंडे-माती-पाण्याचा लोंढा येतो तेव्हा काही मिनिटंच हाती असतात, आणि मोठा कातळ सुटतो तेव्हा या मातीच्या गणिताचा उपयोगच नसतो. कोयनेच्या परिसरात 1967 च्या भूकंपानंतर जमिनीची कुरबुर थांबलेली नाही, तोही हिशेब वेगळा धरावा लागेल. तरी जाड मातीचा थर असलेल्या उतारांपुरतं हे काम आज शक्य आहे.

दुसरा आक्षेप अधिकारी खासगीत सांगतात: आकडे जाहीर केले तर घबराट होईल, जमिनीचे भाव पडतील, आणि सही करणारा इंजिनिअर कोर्टात उभा राहील. यातला शेवटचा भाग खरा आहे आणि त्याचा परिणामही ओळखीचा आहे. अंगाशी येऊ नये म्हणून इंजिनिअर एक तर सगळंच धोकादायक ठरवेल, मग त्या वाडीला ना रस्ता मिळेल ना नळ. नाही तर सगळंच सुरक्षित ठरवेल, मार्चमधल्या बोअरच्या आधारानं. म्हणूनच एकच आकडा छापू नये. किमान किती, कमाल किती, कुठले नमुने, कुठल्या महिन्यातलं पाणी, असा पल्ला छापावा. पल्ला छापणाऱ्याला खोटं ठरवणं अवघड असतं आणि त्याला खोटं बोलण्याचं कारणही उरत नाही. घबराटीचं म्हणाल तर वाडीतल्या लोकांना घराच्या भिंतीत दरवर्षी पडणारी भेग, वाकलेला विजेचा खांब, पावसाळ्यात गढूळ होणारा झरा रोज दिसत असतो. त्यांच्या काळजीला आकडा मिळाला तर ती वाढेल की आटोक्यात येईल? भाव पडण्याची खरी धास्ती असते ती डोंगर तासून प्लॉट पाडणाऱ्यांना. 1:5 पेक्षा जास्त चढाच्या जमिनीवर बांधकाम नको, असा ठोकळ नियम राज्याच्या नियमावलीत आहेच. 1:5 म्हणजे सुमारे 11 अंश. त्याला बगल देताना ‘तज्ज्ञांचा अहवाल’ हीच ढाल पुढे केली जाणार असेल, तर ती ढाल उघड्यावर तपासली गेली पाहिजे.

हाँगकाँगनं हे करून दाखवलं आहे. 18 जून 1972 या एका दिवशी तिथं दोन दरडींत 138 माणसं गेली. 1976 मध्ये त्यातल्याच एका ठिकाणाजवळ पुन्हा भराव सुटून 18 गेली. त्यानंतर 1977 मध्ये स्वतंत्र भू-तांत्रिक कार्यालय उभं राहिलं. आज तिथं माणसानं कापलेल्या किंवा भरलेल्या सुमारे साठ हजार उतारांची नोंदवही आहे. प्रत्येक उताराला क्रमांक, तो क्रमांक उतारावर पाटीवर लावलेला, आणि माहिती कुणालाही संगणकावर पाहता येते. तिथं पाऊसही बेदम पडतो आणि कातळ कुजून झालेली माती आपल्यासारखीच जाड असते. हाँगकाँग श्रीमंत शहर आहे, चिंचोळं आहे, आपल्याला ते झेपणार नाही, हे म्हणणं अर्धवट खरं आहे. साठ हजार झेपणार नाहीत. पण वस्तीच्या डोक्यावरचे आणि रस्त्यांच्या कटिंगचे पाटण-महाबळेश्वरमधले सगळ्यात वाईट पन्नास उतार घेऊन सुरुवात करायला हाँगकाँग व्हावं लागत नाही.

माणसं कुठून आणायची? सांगलीचं वालचंद महाविद्यालय 1947 चं, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं. या पट्ट्यात एम.टेक.च्या मुलांची कमतरता नाही, आणि प्रकल्पासाठी दरवर्षी तोच पुस्तकी दहा मीटरचा उतार सॉफ्टवेअरमध्ये घालून आलेख काढण्यापेक्षा त्यांना एकेक वाडी द्यावी. मुलं वर चढून नमुने आणतील, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कातरणी-चाचणी (माती किती जोराला सरकते ते पाहणारी) होईल, प्राध्यापक तपासतील, अंतिम सही सरकारी भूवैज्ञानिकाची. मुलांच्या कामावर माणसांचे जीव सोपवायचे का, असं कुणी विचारेल. आज त्या पन्नास उतारांवर कुणाचंच काम नाही, तेव्हा तुलना त्याच्याशी करावी.

हे सगळं सगळ्यात आधी लागू व्हायला हवं ते पुनर्वसनाच्या जागांना. माळीणचं नवं गाव 2017 मध्ये लोकांच्या ताब्यात दिलं गेलं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते भेगाळले, भराव खचले. डोंगर कापून सपाटी करायची म्हणजे एका बाजूला कटिंग आणि दुसऱ्या बाजूला सैल भराव, असे दोन नवे उतार तयार होतात, आणि ते मूळच्या उतारापेक्षा बरे असतीलच असं काही नाही. पाटणमधल्या नव्या जागांचा प्रत्येक अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा: नमुने कुठून घेतले, बोअर कुठल्या महिन्यात मारलं, भरावात पाणी तुंबलं तर गुणांक किती राहतो, ते पाणी बाहेर काढायची व्यवस्था कुठली. आणि घरांच्या किल्ल्या देण्याआधी त्या जागेवर एक पूर्ण पावसाळा पाण्याची पातळी मोजलेली असावी. तात्पुरत्या निवाऱ्यात वर्षं काढलेल्या माणसांना आणखी एक पावसाळा थांबा म्हणणं क्रूरपणाचं होईल, म्हणून जागा कागदावर निश्चित झाली त्याच आठवड्यात नळ्या बसवाव्यात. जमीन संपादनात आपल्याकडे एक पावसाळा तर सहज निघून जातोच.